सात ठिकाणी खोडलेली महासत्ता

आठ वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी, आमच्या दैनिकाच्या आठ पानी वाढदिवस पुरवणीत 'महासत्ता' हा शब्द सात ठिकाणी खोडला गेला आणि सातही ठिकाणी 'प्रादेशिक सत्ता' असं लिहिलं गेलं. पुरवणी शुक्रवारी सकाळी अंकाबरोबर कोल्हापूर जिल्हाभर गेली. वाढदिवस एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा होता. शब्द खोडणारे उपसंपादक परदेश पान पाहत. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा तेरा महिने उरले होते.

समोर सगळे त्यांना आण्णा म्हणत. पाठीमागे त्यांचं नाव 'परराष्ट्र' होतं. "परराष्ट्र आलं का?" "परराष्ट्र डबा खातंय," असं शिपायापासून संपादकांपर्यंत सगळे बोलत. आण्णांना हे माहीत होतं. त्यांनी कधी हरकत घेतली नाही. खात्याचं नाव बरोबर आहे, एवढंच ते एकदा म्हणाले.

आण्णा उचगावचे. घर जैन शेतकऱ्याचं, थोडा ऊस, दोन म्हशी. सकाळी धार काढून, दूध डेअरीला घालून ते स्कूटरवरून ऑफिसला येत आणि मध्यपूर्वेपासून कामाला सुरुवात करत. तीस वर्षं त्यांनी जगाची बातमी लिहिली, पण निपाणीच्या पलीकडे ते गेले नव्हते. निपाणीलाही एकदाच, मेव्हणीच्या लग्नाला गेले होते. त्या दिवसाचा उल्लेख ते "मी सीमेपलीकडे असताना" असा करत.

दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं असत. डाव्यावर कोल्हापूर, उजव्यावर लंडन. थंडीत दुपारी चार वाजता ते उजवा हात बघून "साडेदहा झाले, कचेऱ्या उघडल्या असतील," असं म्हणत आणि चहा सांगत. उन्हाळ्यात लंडनची घड्याळं तासभर पुढे जात, तेव्हा चहा तीनलाच येई. कँटीनवाल्याला यामागचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मते आण्णांना उन्हाळा सोसत नव्हता.

सूर्यास्तानंतर ते जेवत नसत. घरची रीत होती आणि तिला अपवाद नव्हता. त्यामुळे आमचं परदेश पान सूर्यास्ताच्या आधी छपाईला सुटे. पंचांगातून महिन्याच्या वेळा काढून त्यांनी त्याचा तक्ता प्रेसच्या दारावर चिकटवला होता. डिसेंबरात पान सहाच्या आत, मे महिन्यात सातच्या आत. पान सोडायचं, हात धुवायचे, डबा उघडायचा. अडचण अशी होती की वॉशिंग्टन जागं होतं ते नेमकं त्या सुमारास. अमेरिकेत दिवसभर जे घडे ते आमच्या वाचकांना एक दिवस उशिरा कळे. संपादकांनी याबद्दल विचारलं तेव्हा आण्णांनी उत्तर दिलं की रात्रीतून निर्णय फिरतात, आपण पिकलेलं छापतो. दोनदा खरोखर तसं झालं. इतर दैनिकांनी घाईत छापलेली बातमी सकाळपर्यंत खोटी ठरली आणि आमच्याकडे ती नव्हतीच. इतर अनेक वेळा इतरांची बातमी खरी होती. आण्णा ती दोन उदाहरणं सांगत.

त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा लावलेला होता. वर लाल शाईत 'महासत्ता : वापरास परवानगी' असा मथळा होता. त्याखाली एकच नाव होतं, अमेरिका. खाली 'विचाराधीन' म्हणून चीन. त्याखाली 'माजी' म्हणून रशिया, आणि पुढे कंसात 'अण्वस्त्रांमुळे फाइल उघडी'. ब्रिटनच्या नावावर काट मारून शेजारी 'सुएझ, १९५६ची माघार' असं लिहिलेलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हा शब्द रूढ झाला तेव्हा यादीत तिघे होते, त्यात ब्रिटन होतं, ही माहिती ते प्रत्येक नव्या उपसंपादकाला पहिल्याच दिवशी देत. आपलं नाव यादीतून गेलं हे ब्रिटनला सगळ्यांत शेवटी कळलं, हेही सांगत.

दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात यादीचा फेरविचार होई. त्यासाठी आण्णा एक दिवस कुणाशी बोलत नसत. मग चीन होता तिथंच राही.

पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला चार प्रश्न होते. घरापासून लांब शब्द चालतो का? एकाच वेळी दोन ठिकाणी चालतो का? सैन्य, व्यापार आणि बोलणं-चालणं, तिन्हीत चालतो का? आणि काहीच केलं नाही तरी बाकीचे त्याचा विचार करून आपला बेत आखतात का? चारही उत्तरं 'हो' आली तर महासत्ता. तीन आली तर बडी सत्ता. आपल्या आवारापुरतीच आली तर प्रादेशिक सत्ता. चौथा प्रश्न कुणाला समजला नाही की ते कुस्तीवर येत. मैदान मारणारा मल्ल वेगळा, आणि ज्याचं नाव पत्रकात दिसताच बाकीचे आपली जोड बदलून मागतात तो वेगळा. महासत्ता म्हणजे हा दुसरा. तो त्या दिवशी आखाड्यात उतरला नाही तरी चालतं.

एका उपसंपादकाने 'महासत्तेचा चीनला दणका' असा मथळा दिला होता. आण्णांनी त्याला बोलावून दणका नेमका कुठल्या गावात बसला ते विचारलं. त्याला गाव सांगता आलं नाही. मथळा 'अमेरिका नाराज' असा गेला. आण्णांचे सगळे मथळे असेच असत. 'इराण असहमत.' 'फ्रान्सचा विचार सुरू.' त्यांच्या पानावर तीस वर्षांत कुणी कुणाला खडसावलं नाही.

वाचकांचे फोन येत. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखानदाराने त्यांना संध्याकाळी पाच वाजता फोन करून भारत महासत्ता कधी होणार असं विचारलं. आण्णांनी तक्ता पाहिला आणि उत्तर दिलं.

"पान आज सहा वाजता सुटतंय. तोवर तरी होईल असं दिसत नाही."

कारखानदाराने अंक बंद केला. महिन्याभराने परत सुरू केला.

आता पुरवणीबद्दल. आमच्या जिल्ह्यात नेत्याचा वाढदिवस म्हणजे दैनिकाची पुरवणी ठरलेली. मजकूर नेत्याच्या कार्यालयातून येतो, जाहिराती कार्यकर्त्यांकडून येतात, आणि आम्ही मधली कामं करतो. पुरवणीच्या दिवशी जाहिराती मुख्य अंकातही सांडतात, आणि जागेसाठी सगळ्यांत आधी परदेश पान उडतं. गुरुवारी तेच झालं. आण्णा रिकामे बसलेले पाहून जाहिरात व्यवस्थापकाने पुरवणीची आठ प्रुफं त्यांच्यापुढे ठेवली आणि फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा असं सांगितलं. आण्णांना 'फक्त' हा शब्द कळत नसे. त्यांनी पुरवणी परदेश पानासारखी वाचली.

पहिल्याच पानावर मथळा होता, 'सहकारातील महासत्ता'. आत आणखी सहा ठिकाणी तोच शब्द होता. आण्णांनी चार प्रश्न लावले, निकाल लिहिला, कोपऱ्यात 'वाचले' म्हणून सही केली. ती सही असलेलं प्रूफ आमच्याकडे पुन्हा कुणी तपासत नसे. तीस वर्षांत तशी गरज पडली नव्हती. पान थेट छपाईच्या प्लेटला गेलं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता अध्यक्षांच्या बंगल्यासमोर फटाके वाजले. सव्वासातला कुणीतरी पुरवणी उघडली. सात वाजून वीस मिनिटांनी जाहिरात व्यवस्थापकाला पहिला फोन आला, आणि दहा वाजेपर्यंत मालकांना नववा. अध्यक्षांच्या कारखान्याची निवडणूक पुढच्या महिन्यात होती. नदीपलीकडच्या तालुक्यातले दुसरे एक नेते त्यांच्या विरोधात पॅनेल उभं करणार, अशी बातमी दोन आठवडे पहिल्या पानावर येत होती. ती बातमी मीच देत होतो. अशा वेळी साहेबांना त्यांच्याच पुरवणीत कमी लेखलं, याचा अर्थ दैनिक पलीकडच्याला मिळालं, असं बंगल्यावर धरलं गेलं.

मालक परदेश पान बंद करायला दोन वर्षं निमित्त शोधत होते. त्या जागी क्लासेसच्या जाहिराती बसणार होत्या. त्यांनी संपादकांना सांगितलं की आण्णांकडून चोवीस तासांत लेखी खुलासा घ्या, त्यांना साहेबांपुढे उभं करून माफी मागायला लावा, नाहीतर एक तारखेपासून पान बंद आणि आण्णा वर्गीकृत विभागात. वर्गीकृत विभाग म्हणजे नावात बदल, हरवले-सापडले, विहीर खोदून मिळेल.

आण्णांनी खुलासा अकरा पानी लिहिला. शीर्षक होतं, 'महासत्ता ही संज्ञा : अर्थ व वापर'. त्यात माफी नव्हती. नवव्या पानावर एका तळटीपेत कारखान्याचा उल्लेख होता.

खुलासा देऊन ते माझ्या टेबलाशी आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच स्थानिक बातम्यांच्या बाजूला आले होते. पान बंद झालं तर तारांचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. वृत्तसंस्थेच्या बातम्यांना ते अजून तारा म्हणत. मी म्हटलं, येत राहतील, कुणी उघडणार नाही. त्यांनी उजव्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे सुदानमध्ये काय झालं ते ह्या जिल्ह्यात कुणालाच कळणार नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या दिवशी ते पान सोडून डबा न उघडताच घरी गेले.

शनिवारी सकाळी संपादक, आण्णा आणि मी बंगल्यावर निघालो. गाडी मी चालवत होतो. संपादकांनी वाटेत आण्णांना समजावलं. प्रुफाची चूक झाली एवढंच म्हणायचं, बाकी ते बघून घेतील.

"चूक झालेली नाही," आण्णा म्हणाले.

"अहो आण्णा, म्हणायला काय जातंय?"

"पान जाईल म्हणून भीती मलाही आहे. पण चूक झालेली नाही."

पुढे सात किलोमीटरांवर बंगला होता.

साहेब दिवाणखान्यात बसले होते. मागे सत्काराचे फोटो, पुढे सहा-सात कार्यकर्ते. सगळ्यांना चहा आला. साहेबांचा चहा वेगळ्या कपात होता. त्यांनी एक घोट घेतला, आतल्या दाराकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. मधुमेहामुळे वहिनीसाहेबांनी त्यांची साखर बंद केली होती.

"प्रादेशिक कुणी केलं मला?" साहेबांनी विचारलं.

"मी," आण्णा म्हणाले.

संपादकांनी प्रुफाची चूक असा शब्द काढला. साहेबांनी हाताने त्यांना थांबवलं.

"तुम्ही बसा. आण्णा, सांगा की. माझ्यात काय कमी हाय?"

हा प्रश्न लोक रागाने विचारतात, उत्तरासाठी विचारत नाहीत. आण्णांनी उत्तर दिलं. महासत्ता कशाला म्हणतात ते त्यांनी सांगितलं, चारही प्रश्न सांगितले, आणि नंतर एकेक प्रश्न साहेबांना लावला. आजऱ्यात आपला शब्द चालतो का, असं विचारलं. साहेब म्हणाले की आजऱ्यात पावणं हाईत. आण्णांनी पावणे म्हणजे लष्करी तळ नव्हे हे नम्रपणे दाखवून दिलं. एक कार्यकर्ता उठू लागला. साहेबांनी त्याला बसवलं. सांगलीत? साहेब हसले, सांगलीत कोण इचारतंय म्हणाले. सैन्य आणि व्यापार आहे, बोलण्या-चालण्याची लोक नक्कलही करतात, हे आण्णांनी मान्य केलं. मग त्यांची नजर वेगळ्या कपावर गेली. सार्वभौमत्वाला अंतर्गत मर्यादा आहेत, पण त्या सगळ्यांनाच असतात, ते धरत नाही, असं ते म्हणाले.

साहेबांनीही कपाकडे बघितलं.

"म्हंजे मी आवारापुरता."

"आवार मोठं आहे. नदीपर्यंत आपल्याला विचारल्याशिवाय काही होत नाही."

"आन् पलीकडचा?"

संपादकांनी आण्णांच्या पायाला पाय लावला. मी ते पाहिलं. साहेबांनीही पाहिलं असावं. 'मांडलिक' असा एक शब्द आण्णांच्या अकरा पानांत होता, तो इथं वापरला असता तर काम झालं असतं. कार्यकर्ते त्याच शब्दासारखं काहीतरी ऐकायला पुढे सरकले होते. आण्णांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. घड्याळं दिसत होती.

"तेही प्रादेशिक," ते म्हणाले. "आपल्याइतकेच."

कार्यकर्ते परत मागे टेकले. मग साहेब हळू आवाजात म्हणाले की असं असेल तर इलेक्शनला काय हुईल, तेवढं सांगून टाका.

"दोन सारख्या प्रादेशिक सत्ता सहसा समोरासमोर लढत नाहीत," आण्णा म्हणाले. "नुकसान दोघांचं होतं. त्या आधी एकत्र बसतात. अलीकडचं तुझं, पलीकडचं माझं, अशी प्रभावक्षेत्रं वाटून घेतात, नदी हद्द मानतात. बाहेर मात्र भांडण चालू ठेवतात. ते थांबलं तर आपापली माणसं हातात राहत नाहीत."

साहेबांनी कार्यकर्त्यांना बाहेर जायला सांगितलं. एकाने का म्हणून विचारलं. साहेबांनी परत तेच सांगितलं. दार लागल्यावर ते आण्णांच्या जवळच्या खुर्चीत येऊन बसले.

"ह्ये तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? छापून आलेलं आहे."

"छापून? कुठं?"

"बऱ्याच ठिकाणी. सगळ्यांत मोठा प्रसंग याल्टाचा. तिघं बसले होते आणि सगळं वाटून—"

"तिघं न्हाय. दोघंच हुतो," साहेब म्हणाले आणि थांबले.

संपादकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही काढली नाही.

"तिघंच होते," आण्णा म्हणाले. "फोटो आहे."

साहेबांचा चेहरा उतरला. फोटो कुठं हाय, एवढंच त्यांनी विचारलं. आण्णांनी आपल्या कपाटात आहे असं सांगितलं. ते खरं होतं. पिवळ्या पडलेल्या एका जुन्या कात्रणात दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी याल्टाला जमलेले तीन देशांचे नेते शेजारी शेजारी बसलेले होते.

पुढचं बोलणं संपादक आणि साहेब यांच्यात झालं आणि ते थोडक्यात सांगता येतं. साहेबांनी अर्ज माघारीच्या दिवसापर्यंत काही छापू नका अशी विनंती केली. संपादकांनी शब्द दिला नाही, दुजोरा मिळाल्याशिवाय आम्ही छापत नाही एवढंच सांगितलं. पुरवणीचा विषय पुन्हा निघाला नाही. निरोप घेताना साहेब आण्णांना दारापर्यंत सोडायला आले, आणि नोकरीत काही अडचण हाय काय, अशी त्यांनी चौकशी केली. आण्णांनी परदेश पान बंद होतंय असं सांगितलं.

"आन् तुम्ही?"

"मग मी मोकळाच."

मोकळा हा शब्द साहेबांना आवडला नसावा. आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा ते व्हरांड्यात फोन लावत होते.

परतीच्या वाटेवर आण्णा अस्वस्थ होते. मला वाटलं, पानाची काळजी असेल. शिरोली नाक्याशी ते म्हणाले, "माणूस हुशार आहे. पण याल्टाबद्दल त्याला चुकीची माहिती आहे. तिघंच होते." संपादक खिडकीतून बाहेर बघत राहिले. नक्की काय झालं ते आण्णांना आम्ही त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर सांगितलं तेव्हा त्यांना ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. पाठ्यपुस्तकात असतं तेच झालं, असं त्यांचं मत पडलं.

मी दोन दिवस दुजोरा शोधला. नदीपलीकडच्या नेत्यांनी अशी कुठलीही बैठक झालेली नाही असं सांगितलं आणि मला जेवायला थांबवून घेतलं. बातमी छापली नाही. माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पलीकडच्या पॅनेलच्या सगळ्या उमेदवारांनी अर्ज मागे घेतले आणि कारखान्याची निवडणूक बिनविरोध झाली. पलीकडच्या कारखान्याची निवडणूक पुढच्या वर्षी तशीच बिनविरोध झाली. मधल्या काळात दोन्ही नेत्यांनी एकमेकांवर सभांतून जोरदार टीका केली. त्या सभांच्या बातम्या मी दिल्या.

पुढच्या वाढदिवसाच्या पुरवणीचा मजकूर साहेबांच्या कार्यालयातून आला तेव्हा सोबत एक चिठ्ठी होती. प्रुफं आण्णांना दाखवू नयेत, असं तिच्यात लिहिलं होतं. मजकुरात 'महासत्ता' कुठेच नव्हतं, 'कार्यसम्राट' होतं. जाहिरात व्यवस्थापकाने प्रुफं कुलपात ठेवली. आण्णांनी पुरवणी दुसऱ्या दिवशी वाचकांबरोबर वाचली आणि साम्राज्य कुठून कुठवर आहे, असं मला येऊन विचारलं.

आण्णा ठरल्या तारखेला परदेश पानावरूनच निवृत्त झाले. निरोप समारंभ दुपारी चारला ठेवला होता, सूर्यास्ताच्या बराच आधी. त्यांनी भाषण केलं नाही. कपाट रिकामं केलं आणि पुठ्ठा काढून माझ्याकडे दिला. जानेवारी अठरा दिवसांवर होता, तेवढी त्यांनी आठवण करून दिली. आता ते उचगावला असतात. सकाळी डेअरीला दूध घालतात. अंक घरी जातो. चूक सापडली तर पोस्टकार्ड येतं. गेल्या आठवड्यात एक आलं, त्यात मी एका बेटाची राजधानी चुकवली होती.

बंगल्यावर जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मालकांनी संपादकांना फोन केला. सोमवारी सकाळी आण्णांच्या टेबलावर तीन ओळींचं पत्र आलं. खुलासा स्वीकारण्यात येत आहे, असं पहिल्या ओळीत होतं. यापुढे पुरवणीची प्रुफं परदेश विभागाकडे देऊ नयेत, असं दुसऱ्या. तिसऱ्या ओळीत पुढील आदेश होईपर्यंत परदेश पान चालू ठेवावं, असं होतं.

पान आता मी पाहतो. पुढील आदेश अद्याप आलेला नाही.